सरकी घरात आली त्या दिवशी

पोरींनो, या इकडे, जवळ बसा. अशा एक पाय दाराबाहेर ठेवून ऐकू नका, आणि तो मोबाईल आधी उपडा घाला. तुमची एक खोड मला मुळीच आवडत नाही, आज बोलूनच टाकते. कुणी गेल्याची बातमी आली रे आली की तुम्ही ते जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळ्या होता. एकाखाली एक, एकाखाली एक, नळावर घागरींची रांग लागते तशी हातांची रांग. माणूस गेलं, हात जोडले, चला पोळ्या लाटायला! रागवू नका, आजीचं बोलणं आहे... आणि तुम्हाला तरी कोणत्या तोंडानं बोलू? कार्तिकातल्या त्या सकाळी मीही तेच केलं. मेथी निवडत बसले होते. आमच्या मुलानं घरच्या ग्रुपवर टाकलं, 'कुमुदआत्या गेली. आत्ताच अमरावतीहून फोन आला.' बोटाला मेथीची माती लागलेली, तरी त्याच बोटानं मी ते दोन हात दाबले आणि पाठवून दिले. मुलगा पलीकडच्या खोलीत उभा होता, हे देवासमोर बसले होते, आणि मी माझ्या सख्ख्या नणंदेला मोबाईलवरून नमस्कार करून बसले होते. मग पडद्यावर पाहिलं तर सगळ्यांत पहिले हात माझेच. लाज वाटली. त्या दिवशीची ती पहिली. बाकीच्या वर्षभरापासून घरातच होत्या, आम्हीच त्यांच्याकडे पाहत नव्हतो.

कुमुद माझ्या मालकांची धाकटी बहीण. अमरावतीला मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होती. गळ्यात शिटी, पायात पांढरे बूट, आणि साडी अशी चापून नेसलेली की कधी धावावं लागलं तर अडायला नको. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की एकच उत्तर ठरलेलं, "पाहायला आला तो म्हणे चालून दाखवा. मी धावून दाखवलं. तो काही मागून आला नाही!" आणि स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसायची की विचारणाऱ्याची पुढं विचारायची सोय राहत नसे. पण ती बाई मला खरी कळली ती माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. मी अचलपूरकडच्या खेड्यातली, सातवी पास. अकोल्याचं हे घर मास्तरांचं, शुद्ध बोलणाऱ्यांचं. मी 'मले भूक नाई' म्हटलं की सासूबाई सोडून सगळे तोंड फिरवून हसत. सासूबाई तोंड न फिरवता हसत. मी बोलणंच टाकलं होतं. कुमुद सुट्टीला आली, तिनं दोन दिवस हे पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी भर पंगतीत भावाला म्हणाली, "काऊन रे भाऊ, तुले वरण पाह्यजे का नाई?" सगळे गार. तेव्हापासून ती माझ्याशी मरेपर्यंत वऱ्हाडीतच बोलली. शाळेत शुद्ध, माझ्याजवळ 'मले-तुले'. दुपारी ती बुटांना पांढरं लावत बसायची आणि मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायची. अडखळले की शिटी! तशानं माझं वाचणं सुधारलं, वाचता वाचता लिहिणंही. आज ह्या पेपरात हे चार शब्द लिहिते आहे ते त्या शिटीच्या धाकानं. तिला 'वन्सं' म्हटलेलं खपत नसे. "वन्सं म्हनलं की मले शिंका येते, नाव घे माहं." म्हणून सासूबाईंसमोर वन्सं आणि मागं कुमुद, असं आमचं दोघींचं चालायचं.

नोकरीची शेवटची वर्षं राहिली होती तेव्हा तिला सरकी सापडली. शाळेच्या मैदानाजवळ सिमेंटचे मोठे पाइप पडलेले होते, त्यातल्या एकात हे पिल्लू. अंग काळं आणि त्यावर राखेसारखी पांढरट लव. कापसातून रुई काढून झाल्यावर सरकीला चिकटून राहते ना, अगदी तशी. म्हणून नाव सरकी. झालं, बाईला लेक मिळाली! पण आमच्या अकोल्याच्या घरात कुत्रं म्हणजे... कसं सांगू? मधल्या खोलीत देवघर. सासूबाईंच्या काळापासून कुत्र्या-मांजराची सावली उंबऱ्याच्या आत नाही. सासूबाई गेल्या तसं ह्यांनी ते जास्तच धरलं. आई गेल्यावर आईचे नियम मुलाला आईसारखे वाटू लागतात, त्यातलं ते. कुमुद पहिल्यांदा पिल्लू घेऊन आली तेव्हा ह्यांनी फाटकाशीच सांगितलं, "तू ये. ते बाहेर." ती आली, चहा प्यायली, आणि गेली. मग तसंच पडत गेलं. सकाळी यायचं, संध्याकाळी परत. भाऊबीजेलासुद्धा ओवाळून लगेच निघायची, कारण गाडीत, काच थोडी खाली करून, सरकी बसलेली असायची. आम्ही म्हणायचो, "कुत्रीपायी माहेर सोडलं बाईनं!" सगळे हसायचे. मीही हसायची, हसत हसत तिच्यासाठी चिवडा बांधायची.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट सांगते, तिच्यासाठीच तर बसवलं तुम्हाला. मी अमरावतीला आमच्या माहेरकडच्या एका बारशाला गेले होते. कुमुदचा फोन आला, "एसटीनं काऊन हाडं खिळखिळी करून घेतं? मी येऊन राहिली ना अकोल्याले. चाल माह्यासंगं. आन् आइक, या वख्ती आठ दिवस रायनार हाय. चंपाषष्ठी करूनच जाईन." मी म्हटलं, "आणि सरकी?" ती म्हणाली, "सरकी मांगं बसंल. तुले समोर देतो सीट, घाबरू नको." आठ दिवस! हे काय म्हणतील? पण दारात गाडी उभी, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि पुढच्या सीटवर तिनं माझ्यासाठी उशी ठेवलेली. बसले.

पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेली ती बाई, पण चालवायची अशी की जणू समोरचे ट्रक तिच्या वर्गातल्या पोरी आहेत. "हं, सरक बाजूले! शाब्बास!" बडनेरा मागं पडलं तसं धुकं लागलं. दोन्ही अंगांनी तुरी उभ्या, शेंगा भरलेल्या, आणि कपाशीत शेवटच्या वेचणीच्या बाया डोक्याला फडकी गुंडाळून वाकलेल्या. सरकीनं दोन सीटांच्या मधून तोंड घातलं आणि माझ्या मानेवर ऊन ऊन श्वास सोडू लागली. मी पदर ओढून घेतला. कुमुदनं ते पाहिलं. मूर्तिजापूरच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. तिनं सरकीला खाली उतरवलं, बशीत दूध मागून पाजलं, आणि टपरीवाल्याला वर म्हणाली, "साखर नका टाकू दादा, तिले डायबिटीस हाय." तो बिचारा घाबरून बशीकडं पाहत राहिला. मी हसत होते तेवढ्यात तिनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

"वहिनी, दवाखान्यात गेलती मी. डाक्टर म्हंते हृदय मोठं झालं."

"ते तं होतंच तुहं मोठं."

"हो नं! मीबी तेच म्हनलं त्याले. त्याले हसू नाई आलं."

मग मलाही आलं नाही. ती कप हातात फिरवत राहिली. सरकी तिच्या बुटावर हनुवटी ठेवून बसली होती.

"एक इचारतो. मी आधी गेली, तं हिले ठेवशीन? एवढ्यासाठीच आठ दिवस येऊन राहिली मी. तिले घराची सवय होईन, घराले तिची. काई मांगत नाई ती. कोपरा देजा एक..."

आणि मी म्हणाले, "बघू."

आमच्या घरातला 'बघू' तुम्हाला ठाऊक नाही. दारावर पावती फाडायला आलेल्याला आम्ही बघू म्हणतो, नको असलेल्या स्थळाला बघू म्हणतो. 'नाही' म्हणून वाईट कोण होणार, त्यापेक्षा बघू. कुमुद त्याच घरची लेक. लहानपणापासून तिनं तो बघू ऐकलेला. सायकल मागितली तेव्हा ऐकला, कॉलेजला बाहेरगावी जायचं म्हटलं तेव्हा ऐकला. सासूबाईंकडून, सासऱ्यांकडून, भावाकडून. माझ्याकडून तोवर कधी नव्हता ऐकला. तिनं मान हलवली, कप ठेवला आणि म्हणाली, "चाल, नाई तं भाऊ वाट पायत बसंल." पुढचा सगळा रस्ता ती ट्रकांशी बोलली, माझ्याशीही बोलली, तितक्याच गमतीनं बोलली. मला वाटलं, बरं झालं, विषय टळला. असं वाटलं मला! बोरगावपर्यंत तर मी तिला बारशातल्या जेवणाची नावंसुद्धा सांगितली.

फाटकात हे उभेच होते. गाडी पाहून खुलले, बहीण आली म्हणून, आणि मागची काच पाहून चेहरा पडला. "आली का पलटण? ते जनावर मात्र..." "बाहेर," कुमुदच म्हणाली. "ठाऊक हाय भाऊ. तिच्यासंगं मीबी बाहेर." समोर आमची एक खोली आहे, स्कूटर आणि सिलिंडर ठेवतो ती. तिथं तिनं सतरंजी पसरली. आपल्या जन्मघरात, स्कूटरशेजारी. आम्ही नको-नको म्हटलं, पण किती? सोयीपुरतं. मी पांघरूण काढायला कपाटाशी गेले. वर नवी दुलई होती, सुनेच्या माहेरची. हात तिच्यावर ठेवला आणि काढून घेतला. कुत्रीचे केस लागतील. खालची विटकी गोधडी काढून दिली. कुमुद म्हणाली, "वा, आईच्या हातची दिसते, हिची ऊब चांगली असते." नव्हती ती सासूबाईंच्या हातची. बाजारातून आणलेली होती. मी तेही बोलले नाही.

आता चंपाषष्ठीचं ऐका. आमच्या घरी खंडोबाचा कुळाचार. चातुर्मासात वांगं वर्ज्य, ते त्या दिवशी सुटतं. परसात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, वांगी भाजून भरीत करायचं, पातीचा कांदा, तूप. तळी उचलायची, येळकोट करायचा. आणि मग नैवेद्याचं एक पान कुत्र्याला. का, तर खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं. आमच्याकडची रीत अशी की कुत्र्यानं त्या पानातला घास घेतल्याशिवाय घरातल्या कुणी जेवायचं नाही. एरवी जे उंबऱ्याला चालत नाही, ते त्या दिवशी आमच्या आधी जेवतं. इतकी वर्षं मला यात काही खटकलं नाही, खोटं कशाला सांगू.

गल्लीतली कुत्री दरवर्षी येतात. गेल्या वर्षी काय झालं, आमची तळी उचलायला उशीर झाला, आणि तोवर चार घरचे रोडगे खाऊन कुत्री तट्ट फुगून उन्हात पडलेली. हे सोवळं नेसून, हातात पान घेऊन रस्त्यावर, "यू, यू, यू..." आयुष्यभर ज्याला हाड म्हटलं त्याला आता यू म्हणत होते! एक कुत्रं उठलं, पान हुंगलं, ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि जाऊन पुन्हा निजलं. कुमुद फाटकाला टेकून पाहत होती. "भाऊ, शिटी देऊ का?" आत नातवंडं भुकेनं रडायला आली, सून रोडगे झाकून झाकून थकली. शेवटी मुलगाच म्हणाला, "बाबा, आपल्याच घरी आहे की कुत्रं."

हे थांबले. "ती कुत्री आहे."

"मग?"

"खंडोबाला कुत्रं लागतं."

कुमुद म्हणाली, "काय रे भाऊ, तिचं लगन लावून द्याचं हाय का खंडोबासंगं?"

रस्त्यावरचे लोकसुद्धा हसले. ह्यांनी एकदा पानाकडं पाहिलं, एकदा आतल्या रडण्याकडं, आणि म्हणाले, "आण तिला." कुमुद जागची हलली नाही. "कुठी आनू? अंगनात का घरात?" पान तर देवासमोरून उचललेलं, आणि रस्त्यावर कुत्र्यानं घेतलं नाही तर परत देवासमोरच न्यायची रीत. ह्यांनी सोवळ्याचा काठ सावरला. मग म्हणाले, "घरातच आण."

सरकी पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली. तिला आमच्या गुळगुळीत फरशीची सवय कुठली, पाय चारी दिशांना घसरत होते, नखं टकटक वाजत होती, आणि ती अंग चोरून, भिंतीला धरून चालत होती. नव्या नवरीसारखी, मला तेव्हाही तसंच वाटलं होतं. पानापुढं येऊन बसली. खाल्लं नाही. कुमुदकडं पाहत राहिली. कुमुद हळूच म्हणाली, "खा बाई, तुह्यासाठीच हाय." तशी तिनं रोडगा उचलला, काय नजाकतीनं उचलला, आणि सगळं पान चाटून पुसून साफ केलं. ह्यांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला, हात जोडले. नातवंडांनी येळकोट केला. काळ्या कपाळावर पिवळाधमक भंडारा, आणि सरकी शेपटीनं फरशी झाडत होती. कुमुदनं माझं कोपर धरलं, केवढ्यानं धरलं... कानाशी येऊन म्हणाली, "घुसली वं घरात! वहिनी, घुसली!" खेळाच्या बाई होती ना, पोरगी शर्यत जिंकली की असाच चेहरा होत असेल तिचा. आपण टपरीवर जे मागितलं ते देवानंच परस्पर देऊन टाकलं, असं तिला वाटलं असणार.

मग हे म्हणाले, "झालं ना? आता बांध तिला बाहेर. पानं घ्या."

आणि मी काय केलं? कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही. हातानं आपोआप केलं, जसं पोळी करपली की चिमटा उचलतो तसं. फडताळातून गोमूत्राची बाटली काढली, फरशीवर शिंपडलं, आणि फडकं घेऊन सरकी बसली होती ती जागा पुसायला बसले. दारापासून पानापर्यंत, जिथं जिथं तिचा पाय पडला तिथं तिथं. देवाची म्हणून जिला आत घेतलं, तिच्या कपाळावरचा भंडारा अजून ताजा, आणि तिची जागा विटाळली म्हणून मी शुद्ध करत होते. मान वर केली तर कुमुद दारात. सरकीला बांधून हात धुवायला परत आली होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मला वाटलं आता बोलेल. बोलावं, शिटी वाजवावी, सगळ्या गल्लीला ऐकवावं! ती आली, खाली बसली, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"दे इकडं. तुही कंबर दुखते."

आणि उरलेली जागा तिनं पुसली. नीट, कोपऱ्यापर्यंत. मग आमच्यात बसून जेवली, भरिताची तारीफ केली, भावाला आग्रह करून अर्धा रोडगा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. आठ दिवसांतले निम्मेही झाले नव्हते. "शाळेतल्या पोरीइचे सामने हायेत, बोलावनं आलं," म्हणाली. निवृत्त होऊन तिला कितीक वर्षं झाली होती. हे ह्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि आम्ही दोघांनी मिळून म्हटलं, "हो का? मग जायलाच हवं." गाडी वळेपर्यंत सरकी मागच्या काचेतून आमच्याकडं पाहत होती. भंडारा पुसट झालेला, पण होता.

त्यानंतर फोन व्हायचे, रविवारचे. चेष्टा तीच, आवाज तोच. सरकीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी काढू शकत होते. दर रविवारी ठरवायची, आज ह्यांच्याशी बोलून मग तिला सांगायचं, की ठेवू आम्ही. आणि दर रविवारी वाटायचं, एवढी काय घाई, ठणठणीत तर आहे... पोरींनो, तुम्ही म्हणाल आजी सगळं आजोबांवर ढकलते. नाही. ह्यांना मी विचारलंच कुठं? विचारलं असतं तर काय म्हणाले असते, मला आजही ठाऊक नाही. कदाचित हो म्हणाले असते. फडकं माझ्या हातात होतं, आणि तो बघूही माझ्याच तोंडचा.

ती गेली ती पहाटे पायरीवर बसून. फिरायला निघाली होती, एक बूट घातलेला, दुसरा हातात. सरकीनं भुंकून शेजार गोळा केला. आम्ही पोचलो तेव्हा सरकी तिथं नव्हती. गडबडीत विचारायचं राहिलं, आणि खरं सांगू, विचारायची भीतीही होती. तेरवी झाल्यावर घर आवरायला गेलो तेव्हा शेजारच्या बाईंनी सांगितलं, "तिची सोय ताईंनी मागंच लावून ठेवली होती. वरूडची वैशाली घेऊन गेली त्याच दिवशी. ताईंची विद्यार्थिनी, संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. गेल्या हिवाळ्यातच ठरलं होतं." गेल्या हिवाळ्यात. म्हणजे आमच्याकडून गेल्यावर लगेच. ह्यांनी शेजारणीला विचारलं, "वरूडला थंडी जास्त असते का हो?"

त्या घरातल्या एका गोष्टीपाशी मात्र आम्ही दोघं अडलो. सासूबाईंचा सागवानी पलंग. सासूबाई गेल्यावर कुमुदनं एवढीच एक वस्तू मागून नेली होती. चांगला उंच, चढायला पाट लागायचा असा तो पलंग. तो आता जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. चारी पाय करवतीनं कापलेले. शेजारीणबाई म्हणाल्या, सरकीच्या मागच्या पायांत वात शिरला, तिला उडी मारता येईना, आणि ती आल्याशिवाय ताईंना झोप येईना, म्हणून सुतार बोलावला. आईच्या पलंगाला कुणी नख लावलं तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. हे पुढं झाले, कापलेल्या पायावरून हात फिरवला, आणि त्या पलंगावर बसले. गुडघे हनुवटीशी आले. तसेच बसून राहिले, अंग चोरून... आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाईंच्या वेळीही नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. टपरीवरचं काय झालं ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं, घरी येताना, गाडीत. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

परवा आम्ही वरूडला जाऊन आलो. वैशाली बाई खमकी निघाली. संत्र्यांच्या ढिगाजवळ उभी होती, पदर खोचून. आम्ही कोण ते सांगितल्याबरोबर म्हणाली, "सरकी मी देनार नाई. आधीच सांगून ठेवतो."

हे म्हणाले, "मागायला नाही आलो, बाई. मागायचं तोंड नाही. पाहायला आलो."

तिचा ताठा जरा उतरला. खुर्च्या दिल्या, रस दिला. मी विचारलं, कुमुद आमच्याबद्दल काही म्हणाली होती का? वैशाली म्हणाली, "हो तं. म्हने माहा भाऊ लय जीव लावते सरकीले, पन त्याच्या घरी देवाचं असते, त्याले तरास नको. म्हून तू ठेव." एवढंच सांगितलं होतं तिनं आमच्याबद्दल. एवढंच! ह्यांनी रसाचा पेला खाली ठेवला. झाडाखाली सरकी निजली होती, तोंड पांढरं झालेलं. वैशालीनं हाक मारली तशी उठून, लंगडत आली. माझा हात हुंगला, ह्यांचा हुंगला. ह्यांनी हात तसाच पुढं धरून ठेवला, डोक्यावर ठेवायचा धीर झाला नाही. ती थोडी थांबली, आणि जाऊन पुन्हा झाडाखाली निजली. तिनं ओळखलं का नाही, मला सांगता येत नाही.

पलंग आम्ही अकोल्याला आणला आहे. मधल्या खोलीत ठेवला, देवघराच्या समोर. ह्यांनीच जागा दाखवली. पाय जोडून देतो म्हणून सुतार आला होता, त्याला परत पाठवलं. येणारा-जाणारा त्यावर बसतो, गुडघे वर येतात, हसतो, विचारतो हे काय? ज्याला वेळ असेल त्याला सांगते. दुपारी पेपर मी त्याच्यावरच बसून वाचते, मोठ्यानं. अडखळले तर आता कुणी शिटी मारत नाही, मग मीच मागं जाऊन ओळ पुन्हा वाचते.

वैशाली, तुझ्याकडं हा पेपर येतो, मी त्या दिवशी संत्र्यांच्या पेटीवर पाहिला. म्हणून इथंच लिहिते, चारचौघांदेखत, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. सरकीला घेऊन आमच्याकडं ये. ठेवून जा म्हणत नाही, ती तुझीच. चंपाषष्ठी तोंडावर आली आहे, पण त्या दिवशी नको येऊस. त्या दिवशी बोलावलं तर पुन्हा कामापुरतं बोलावल्यासारखं होईल. असाच एखादा साधा वार पाहा, वरण-भाताचा. फाटकाशी थांबू नको, हाकही मारू नको, दोघी सरळ आत या. फरशीवर मी जाजम अंथरून ठेवते, तिचे पाय घसरतात. पण लवकर ये गं बाई. ती म्हातारी झाली आहे... आणि आम्हीही.